घरातला खर्ज

सबवूफर घरी आला की पहिला प्रश्न पडतो, तो ठेवायचा कुठे. बहुतेक घरांत याचं उत्तर उरलेली जागा देते. टीव्ही युनिटच्या शेजारी, सोफ्यामागच्या कोपऱ्यात, नाहीतर खिडकीखाली तो बसवला जातो. मागची केबल रिसीव्हरला जोडतात, आवाजाचं बटण मध्यावर आणतात, एखाद्या चित्रपटातला स्फोट लावून पाहतात आणि काम संपलं असं समजतात. काही दिवसांनी लक्षात येतं की स्फोट झकास वाटतो, पण गाणं लावलं की सगळं घुमतं. बातम्या सांगणाऱ्याचा आवाज जड होतो, डग्गा आणि बेस गिटार वेगळे ओळखता येत नाहीत, ठराविक एक-दोन स्वर अंगावर येतात आणि त्यांच्या शेजारचे स्वर गायब असतात. मग बटण थोडं कमी होतं, आणखी कमी होतं, आणि शेवटी सबवूफर फक्त पाहुणे आल्यावर लागतो.

हे सगळं टाळता येतं. खालचे स्वर सबवूफर निर्माण करतो हे खरं, पण त्यातले किती आणि कोणते आपल्या खुर्चीपर्यंत पोचणार हे खोली ठरवते. चांगल्या जागी ठेवलेला, मुख्य स्पीकरशी नीट जुळवलेला साधा सबवूफर हा चुकीच्या कोपऱ्यात कोंबलेल्या महागड्या सबवूफरला सहज मागे टाकतो. म्हणून या पुस्तकात कुठला ब्रँड घ्यावा याची चर्चा थोडी आहे. टेप, कान आणि धीर यांच्या बळावर करायच्या कामाची चर्चा पुष्कळ आहे.

आधी हे पाहू, की तळाशी नेमकं असतं काय. निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यातला २० ते ८० किंवा १०० हर्ट्झचा पट्टा सबवूफरच्या वाट्याला येतो. आकड्यांत तो किरकोळ दिसतो, पण सप्तकांच्या हिशेबात २० ते ४० आणि ४० ते ८० अशी दोन पूर्ण सप्तकं त्यात बसतात, आणि आपलं सगळं ऐकणं जेमतेम दहा सप्तकांचं आहे. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची, डबल बेस आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनच्या ३२ फुटी नळीचा स्वर तर १६ हर्ट्झच्या आसपास असतो. तो ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवतो.

आपल्याकडची उदाहरणं मला अधिक जवळची वाटतात. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर लागते. जवारीमुळे तंबोऱ्याच्या नादातलं बरंचसं बळ वरच्या स्वरांशांत असतं, आणि त्या स्वरांशांवरून मूळ स्वर ओळखण्याची विलक्षण क्षमता कानाला मिळालेली आहे. त्यामुळे छोट्या स्पीकरवरही खर्ज ओळखू येतो. सबवूफर नीट जुळला की तो नुसता ओळखू येत नाही, खोलीत उभा राहतो. पनवेलजवळच्या पळस्पे इथे गुरुकुल उभारणाऱ्या उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना खर्जातला एक स्वर किती वेळ आणि किती अर्थाने टिकू शकतो हे वेगळं सांगायला नको.

तबल्याचा डग्गा तर या विषयातला माझा सर्वांत विश्वासू परीक्षक आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर लिहिताना दाखवून दिलं, की पुडीवरच्या शाईमुळे ही वाद्यं इतर ढोलांसारखी नुसती आवाज करत नाहीत, तर स्वरात बोलतात. डग्ग्यावर मनगटाचा दाब देत काढलेली मींड खालून वर सरकते, आणि सरकताना ती बहुतेक वेळा नेमकी त्या प्रदेशातून जाते जिथे सबवूफरचं काम संपून मुख्य स्पीकरचं सुरू होतं. जुळणी चांगली असेल तर ती मींड एका हाताने काढलेली वाटते. जुळणी बिघडलेली असेल तर ती मध्येच एका जागी फुगते किंवा क्षणभर नाहीशी होते. यंत्राने मोजण्याआधी ही परीक्षा कुणालाही करता येते.

याची दुसरी बाजूही आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची नाट्यगीतं किंवा १९५० च्या दशकातली भावगीतं हेच ज्यांचं मुख्य ऐकणं आहे, त्यांनी सबवूफरवर पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट सांगेन. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात इतकं खाली फारसं संगीत नाहीच. सबवूफर जोडला तर रेकॉर्ड प्लेअरची घरघर तेवढी मोठी होईल. याउलट २०१६ च्या ‘सैराट’सारख्या चित्रपटाचं संगीत घ्या. त्यातला वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला, आणि त्यातल्या मोठ्या तंतुवाद्यांचा तळ लहान स्पीकरवर अर्धाही हाती लागत नाही.

खालच्या स्वरांच्या बाबतीत कान स्वतःच वेगळे नियम पाळतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे आवाज कानाला सारखेच मोठे वाटायला किती दाब लागतो, याचे आलेख प्रसिद्ध केले. आज वापरात असलेल्या सुधारित आलेखांनुसार १,००० हर्ट्झचा आवाज ४० डेसिबलवर जेवढा वाटतो, तेवढाच ५० हर्ट्झचा वाटायला सुमारे ७८ डेसिबल लागतात. म्हणूनच आवाज कमी केला की सगळ्यात आधी बेस नाहीसा होतो. पण याच आलेखांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती जुळणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १,००० हर्ट्झला २० डेसिबल वाढवल्यावर कानाला जितका फरक जाणवतो, तितकाच फरक ५० हर्ट्झला जेमतेम १२ डेसिबलमध्ये जाणवतो. खाली थोडीशी वाढही फार वाटते. त्यामुळे सबवूफरच्या गेनचं बटण केसभर फिरवलं तरी गाण्याचा तोल बदलतो, आणि खोलीने एखादा स्वर पाच-सहा डेसिबलने उचलला तर तो सगळ्या गाण्यावर स्वार होतो.

आता खोलीकडे वळतो. या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग तिच्यावर खर्ची पडला आहे.

आपल्याकडच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे ३,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेअकरा सेंटीमीटर, ८० हर्ट्झच्या लहरीची सव्वाचार मीटर आणि २० हर्ट्झच्या लहरीची सव्वासतरा मीटर. वरचे स्वर खोलीत किरणांसारखे वागतात, इकडे आपटतात, तिकडे पडद्यात मुरतात. खालच्या स्वरांची लहर खोलीएवढी किंवा खोलीपेक्षा मोठी असते, त्यामुळे ती खोलीत फिरत नाही, खोलीभर डोलते. अर्ध्या भरलेल्या टबात हात पुढेमागे केला की दोन्ही काठांशी पाणी चढतं-उतरतं आणि बरोबर मध्यावर पातळी जवळजवळ हलत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये हवेच्या दाबाचं अगदी हेच होतं. ज्या कंपनसंख्येला अर्धी लहर त्या दोन भिंतींत नेमकी मावते, ती कंपनसंख्या खोली स्वतःहून उचलून धरते.

हा आकडा काढणं अवघड नाही. ५६६ ला फुटांतल्या लांबीने भागायचं. चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असा हॉल घेतला, तर लांबीमुळे ४० हर्ट्झ, रुंदीमुळे ५१ हर्ट्झ आणि उंचीमुळे ६० हर्ट्झ हे स्वर फुगणार. त्यांच्या दुपटी-तिपटीही आल्या, आणि लांबी-रुंदी मिळून तिरके होणारे ६५ हर्ट्झसारखे स्वरही आले. खोली जर दहा बाय दहाची बेडरूम असेल तर लांबी आणि रुंदी दोघींचा आकडा एकच, ५७ हर्ट्झ, आणि दोघी मिळून तो एकच स्वर दुप्पट जोमाने घुमवतात. चौरस खोलीला या विद्येत सर्वांत त्रासदायक मानतात ते यामुळे. शक्य असेल तर संगीताची खोली निवडताना चौरस खोली सोडून द्यावी.

आता या डोलण्याचा खुर्चीशी संबंध पाहा. भिंतीशी दाब सर्वाधिक असतो, मध्यावर जवळजवळ शून्य. खोलीच्या बरोबर मध्ये बसणाऱ्याला आमच्या उदाहरणातला ४० हर्ट्झ ऐकूच येणार नाही, मग सबवूफर कितीही मोठा असो. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसणाऱ्याला तोच स्वर नको इतका ऐकू येईल. आपल्या घरांत सोफा भिंतीला टेकवण्याची रीत पक्की आहे, आणि तिला कारणही आहे, जागा कमी असते. पण सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढण्याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही. ज्यांना हे शक्य आहे त्यांनी बाकीचं पुस्तक वाचण्याआधी तेवढं करून पाहावं.

आपल्या वाचकासाठी आणखी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. या विषयावरची उत्तम पुस्तकं आणि शोधनिबंध अमेरिका व कॅनडातून आले, आणि तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून उभी केलेली असतात. अशा भिंती खालच्या स्वरांबरोबर स्वतः थोड्या हलतात आणि त्यांचं बळ शोषून घेतात किंवा बाहेर जाऊ देतात. आपल्या भिंती विटांच्या किंवा आरसीसीच्या, खाली फरशी, वर स्लॅब. इथे खालचा स्वर आपटून जवळजवळ तसाच परत येतो. त्यामुळे आपल्या खोल्यांत फुगणारे स्वर अधिक फुगतात, दबणारे अधिक दबतात, आणि आवाज थांबल्यावरही ते रेंगाळतात. परदेशी लेखकाने ‘आता एवढ्यावर थांबा’ असं म्हटलं असेल तिथे आपल्याला बहुधा आणखी पुढे जावं लागतं. भिंतीला दोन इंची फोम चिकटवून बेस आटोक्यात येईल ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे. त्या फोमने टाळीचा प्रतिध्वनी कमी होतो; ५० हर्ट्झच्या सात मीटर लांब लहरीला तो जाणवतही नाही. पुस्तकांनी भरलेली कपाटं, कापसाच्या गाद्या, जाड भरलेला सोफा यांचा थोडा उपयोग होतो, पण तोही वरच्या बेसला. अगदी तळाच्या स्वरांवर खरे उपाय दोनच, सबवूफरची जागा आणि सबवूफरांची संख्या.

जागा शोधायची एक जुनी रीत आहे आणि ती आजही उत्तम चालते. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, त्यावर खालच्या स्वरांनी भरलेली, चढउतार करणारी एखादी बेसची चाल लावायची, आणि आपण स्वतः गुडघ्यांवर खाली होऊन भिंतींच्या कडेने फिरायचं. ज्या जागी सगळे स्वर सारख्या ताकदीने आणि स्पष्ट ऐकू येतात, ती सबवूफरची जागा. ध्वनीचा मार्ग दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, त्यामुळे स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही. इथे कान एक चूक करतो आणि तिच्यापासून सावध राहायला हवं. सर्वांत मोठा बेस देणारी जागा त्याला सर्वांत चांगली वाटते. ती जागा हमखास कोपरा निघते, कारण कोपऱ्यात तिन्ही दिशांचे फुगवटे एकत्र येतात. आपण शोधतोय ती समान जागा, मोठी जागा नव्हे.

दोन सबवूफरांविषयी लोकांच्या मनात आडमुठा गैरसमज आहे, की ते दुप्पट आवाजासाठी असतात. हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये अनेक मांडण्यांची गणितं करून दाखवलं, की जास्त सबवूफरांचा खरा फायदा सर्व खुर्च्यांवर सारखा बेस मिळण्यात आहे. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन सबवूफर ठेवले तर लांबीचा पहिला फुगवटा दोघे मिळून खोडतात, आणि रुंदीच्या मध्यावर बसल्यामुळे रुंदीचा पहिला फुगवटा त्यांच्याकडून चेतवलाच जात नाही. एका मोठ्या सबवूफरच्या पैशांत दोन लहान येत असतील, तर आरसीसीच्या खोलीत मी दोन लहान घेईन. फ्लॉइड टूल यांच्या लेखनाचा या पुस्तकावर मोठा ठसा आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मनमध्ये त्यांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीला मोजमापाची जोड दिली, आणि स्पीकरच्या दर्जाबद्दल आपण जे ठरवतो त्यात बेसचा वाटा किती मोठा आहे हे ठामपणे मांडलं.

पेटी बंद असावी की पोर्ट असलेली, यावर मंडळी तासन् तास वाद घालतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पेटी व स्पीकर यांच्या नात्याचं गणित बांधून दिल्यापासून हा वाद श्रद्धेचा राहिलेला नाही. पोर्टची पेटी तिच्या नेमलेल्या स्वरापर्यंत अधिक जोर देते आणि त्याखाली सप्तकाला २४ डेसिबलने कोसळते. बंद पेटी आधीपासून उतरू लागते, पण सावकाश, सप्तकाला १२ डेसिबलने. खोली लहान आणि घट्ट असेल तर सर्वांत खालच्या फुगवट्याच्याही खाली खोली स्वतःच आवाजाला वर उचलते, आणि हा चढ बंद पेटीच्या उताराला छान पूरक ठरतो. विटांच्या दहा बाय बाराच्या, दार लावलेल्या खोलीत बंद पेटीच घ्यावी असं माझं मत आहे. स्वयंपाकघराकडे उघडणाऱ्या मोठ्या हॉलमध्ये चित्रपट पाहणाऱ्याने पोर्टची घेतली तर त्यात गैर काही नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने मात्र शंकूच्या कडेला फोमऐवजी रबराची पट्टी आहे ना, हे आवर्जून पाहावं. दमट हवेत फोमचा भुगा होतो.

आता जुळणी. मुख्य स्पीकर आणि सबवूफर यांच्यात कामाची वाटणी ज्या कंपनसंख्येला होते तिला क्रॉसओव्हर म्हणतात. ८० हर्ट्झ हा आकडा टॉमलिन्सन होलमन यांच्या कामातून, १९८३ मध्ये सुरू झालेल्या टीएचएक्स या चित्रपटध्वनीच्या मानकाच्या मार्गाने घराघरांत पोचला. त्यामागे साधं निरीक्षण आहे: त्याच्या खाली आवाज कोणत्या दिशेने येतोय हे कान सहसा सांगू शकत नाही, त्यामुळे सबवूफर कुठेही ठेवायला मोकळीक मिळते. मुख्य स्पीकरचाही यात मोठा फायदा आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट हलावं लागतं, दोन सप्तकं खाली काढायचा तर सोळापट. पाच इंची वूफरला या कष्टातून सोडवलं की त्याचा मधला आवाज, म्हणजे गायकाचा गळा, लगेच मोकळा होतो. सबवूफर लावल्यावर गाणाऱ्याचा आवाज सुधारला असं लोक सांगतात तेव्हा ते खरंच सांगत असतात. यासाठी रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ ठरवावे लागतात. आपल्या उंच, देखण्या टॉवर स्पीकरना ‘स्मॉल’ म्हणणं अनेकांच्या जिवावर येतं, पण तो फक्त कामाच्या वाटणीचा पर्याय आहे, स्पीकरच्या योग्यतेचा दाखला नाही.

वाटणीच्या सीमेवर दोघेही एकच स्वर वाजवत असतात, आणि सगळी गुंतागुंत तिथे आहे. ८० हर्ट्झची अर्धी लहर सुमारे सात फुटांची. सबवूफर मुख्य स्पीकरपेक्षा सात फूट जास्त लांब असेल आणि वेळेची दुरुस्ती केलेली नसेल, तर एकाचा दाब वाढत असताना दुसऱ्याचा कमी होत असतो आणि तो स्वर खुर्चीवर पोचेपर्यंत कटतो. हेवलेट-पॅकार्डमधले अभियंते सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांची क्रॉसओव्हरची मांडणी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आजच्या बहुतेक रिसीव्हरांत ती कोणत्या ना कोणत्या रूपात असते. पण तिचंही गणित दोन्ही आवाज एकाच वेळी पोचतात असं धरूनच चालतं. सबवूफरमागचं फेजचं बटण आणि रिसीव्हरमधलं अंतराचं मूल्य, दोन्ही त्यासाठी आहेत. सबवूफरच्या आतल्या डिजिटल प्रक्रियेलाही वेळ लागतो, म्हणून रिसीव्हरने स्वतः मोजलेलं अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा कितीतरी जास्त निघू शकतं. ते पाहून घाबरून ‘दुरुस्त’ करू नये. बरोबर तेच असतं.

माइक नसेल तरी हे काम दोघांनी मिळून करता येतं. क्रॉसओव्हरच्याच कंपनसंख्येचा एकसुरी आवाज मुख्य स्पीकर आणि सबवूफर दोघांवर लावायचा, एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने फेजचं बटण सावकाश फिरवायचं. खुर्चीतल्या माणसाला आवाज सर्वांत मोठा वाटेल तिथे दोघांची साथ जुळली. त्यानंतरच गेनला हात लावावा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात: सीमेवर कटलेला स्वर गेन वाढवून भरून काढू पाहतात, आणि त्याच्या खालचं सगळं फुगवून बसतात.

माइक घेता आला तर उत्तमच. यूएसबीला जोडायचा, कॅलिब्रेशन फाइलसह येणारा मोजमापाचा माइक आणि जॉन मलकाही यांनी तयार केलेलं, विनामूल्य मिळणारं ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर एवढ्यावर घरातला माणूस आज जे पाहू शकतो, ते एकेकाळी प्रयोगशाळेबाहेर दुर्लभ होतं. ऑडिसी किंवा डिरॅकसारख्या आपोआप दुरुस्ती करणाऱ्या प्रणालींचा मी विरोधक नाही. पण त्या जागा बदलत नाहीत. फुगलेला स्वर त्या खाली आणू शकतात. जिथे लहरीच एकमेकींना खोडताहेत तिथे मात्र त्या हतबल असतात. अशा खड्ड्यात १० डेसिबल भरायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची, आणि तरी खड्डा तसाच. आधी जागा, मग वेळ, मग पातळी आणि अगदी शेवटी ईक्यू, म्हणजे स्वरांची ही आपोआप किंवा हाताने केलेली दुरुस्ती, हाच क्रम या पुस्तकभर पाळला आहे.

चित्रपटांच्या बाजूचा इतिहास थोडक्यात सांगतो. खालच्या स्वरांनी प्रेक्षागृह हादरवण्याची कल्पना १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ चित्रपटाबरोबर आलेल्या सेन्सराउंडने गाजवली. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आलं आणि ५.१ मधला ‘.१’ घराघरांत माहीत झाला. हा ‘.१’ म्हणजे एलएफई, खास परिणामांसाठी राखलेला १२० हर्ट्झपर्यंतचा वेगळा मार्ग. सबवूफरला त्याबरोबर बाकीच्या सगळ्या स्पीकरांचा काढून घेतलेला बेसही वाजवायचा असतो. सीडीवरच्या गाण्यात एलएफई नसतोच, तरी सबवूफरला काम असतं ते यामुळे. रिसीव्हरकडून वाटणी होत असेल तर सबवूफरचा स्वतःचा क्रॉसओव्हर एलएफईवर किंवा सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवावा. एकाच सुरावर दोनदा चाळणी लावली की सीमेवर पोकळी पडते.

सबवूफरमधून सतत हूं असा आवाज येत असेल, तर तो बहुधा विजेच्या ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा असतो, आणि केबल टीव्हीच्या तारेतून किंवा वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण झाल्याने तो येतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणणं आणि केबलच्या तारेला आयसोलेटर लावणं हे त्यावरचे उपाय. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला दुकानांत सर्रास मिळतो. तो कधीही मानू नका. त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

शेजाऱ्यांबद्दल मी कळकळीने लिहिणार आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी ज्या ‘ए’ मापाने होते ते ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरतं. म्हणजे मीटर समाधानी असला तरी खालच्या मजल्यावरच्या आजींची झोप उडालेली असू शकते, कारण खर्ज स्लॅबमधून आणि बीममधून प्रवास करतो. सबवूफरखाली जाड रबरी पॅड ठेवल्याने पेटीची थरथर जमिनीत जाणं कमी होतं. हवेतून जाणारा आवाज त्याने अडत नाही. रात्री एलएफईची पातळी उतरवणं आणि जमेल तिथे सबवूफर आपल्याच खुर्चीच्या अगदी जवळ ठेवून कमी आवाजात तेवढाच बेस मिळवणं, हे दोन्ही उपाय पुढे सविस्तर दिले आहेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचा सबवूफर चांगला जुळलाय की नाही, याच्या माझ्या कसोटीत शेजाऱ्याचं मतही धरलेलं आहे.

पुस्तकाची रचना सरळ आहे. पहिल्या भागात खोली, दुसऱ्यात जागा, तिसऱ्यात जुळणी, चौथ्यात मोजमाप आणि दुरुस्ती. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदीला जाणाऱ्याच्या हाती असावी अशी प्रश्नावली शेवटी जोडली आहे. गणित शाळेतल्या भागाकारापलीकडे कुठेही जात नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरा आणि तिसरा भाग वाचून कामाला लागावं. पण वाचता वाचता पेटी प्रत्यक्ष हलवावी, नुसतं वाचून कुणाचाही बेस सुधारत नाही. आणि एक बदल केल्यावर लगेच दुसरा करू नये, एक-दोन दिवस ओळखीचं संगीत ऐकावं.

पहिल्या प्रकरणाकडे जाण्याआधी टेप घेऊन आपल्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून कागदावर लिहून ठेवा. पुढची सगळी आकडेमोड त्या तीन आकड्यांपासून सुरू होते.